सहा गडी राखून

वर्ल्डकपची फायनल ऑस्ट्रेलियाने सहा गडी राखून जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या जिमखान्याचे अध्यक्ष आबासाहेब घोरपडे यांनी फर्मान काढलं, "ऑस्ट्रेलियाची बिअर जो पिईल, त्याचं सभासदत्व रद्द!" आबासाहेब म्हणजे जुने अंपायर. त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

त्या बिअरच्या सहा बाटल्या महिनाभर जिमखान्याच्या फ्रिजमध्ये पडून राहिल्या. एका रविवारी भरदुपारी आमचे स्कोअरर विनायक मोघे यांनी त्या सहाही टेबलावर ओळीने मांडल्या आणि पहिली फोडली. एक घोट घेऊन म्हणाले, "चव झकास आहे हो!"

नेमके तेव्हाच आबासाहेब आत आले.

"मोघे, लाज वाटत नाही? त्या दिवशी ढसाढसा रडला होतात ना?"

"रडलो होतो, म्हणून तर बसलोय," मोघे शांतपणे म्हणाले. "आपल्या पोरांनी त्यांचे चार गडी बाद केले, सहा राहिले. ते मी काढतोय."

मग त्यांनी ती बाटली एका दमात रिकामी केली आणि आबासाहेबांकडे वळून जोरात अपील केलं, "हाऊज दॅट?"

आबासाहेबांनी रिकाम्या बाटलीकडे नीट पाहिलं आणि सावकाश बोट वर केलं. मग समोरची खुर्ची ओढून म्हणाले, "दुसऱ्या टोकाकडून मी टाकतो."