तिवडा झिजला तेव्हा

खळ्याच्या मधोमध लाकडाचा तिवडा रोवतात आणि मळणीचे बैल त्याला बांधून गोल फिरवतात. जगाच्या उत्तर टोकाला फार पूर्वी असंच एक खळं होतं. तिथला तिवडा म्हणजे म्हातारा बर्फ आणि बैल म्हणजे गार वारा. हिवाळाभर वारा बर्फाभोवती फिरायचा. त्याचा थोडा गारवा खाली गव्हाच्या शेतांपर्यंत वेळेवर पोचायचा.

"लांब जाऊ नकोस रे," बर्फ म्हणायचा.

"तुम्ही असताना कुठे जाणार, आजोबा?"

पण जग तापत गेलं, आजोबा झिजत गेले. एका हिवाळ्यात वाऱ्याची पकड सुटली आणि तो भरकटत थेट दक्षिणेला आला. तिथे एक आंबा मोहरला होता.

"दमलोय. जरा टेकू का?" वाऱ्याने विचारलं आणि टेकलासुद्धा. सगळा मोहर काळा पडला.

"तुला बोलावलं कुणी? चालता हो!" आंबा ओरडला.

ओशाळलेला वारा रानोमाळ हिंडत गव्हाकडे गेला. "तू तरी ओळखतोस ना मला?"

"ओळखतो की. किती वाट बघितली तुझी! थंडीच पडली नाही, दाणा भरलाच नाही. आता उद्या माझी कापणी आहे."

वारा घरी परतला. "आजोबा, मी आलोय. कुठे धरू?"

खाली नुसतं पाणी हलत होतं. वाऱ्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तो तिथेच गोल फिरू लागला. मधे कुणीच नव्हतं, त्यामुळे त्याची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा थोडी लांब जात होती.