रोलमधला शेवटचा फोटो

"...पण वडिलांच्या फोटोंशेजारी शोभेल असं काढू तरी काय, बुवा? तेवढं सांगा."

रेवण विचारत होता. तो सांगलीत घरांचे नकाशे काढायचा आणि हौसेनं जुने कॅमेरे वापरायचा. गळ्यात चामडी पिशवीतला जर्मन कॅमेरा, खिशात लाइट मीटर. उजेड मोजल्याशिवाय त्यानं चांदण्यांकडेसुद्धा पाहिलं नसतं.

अच्युतबुवा कृष्णेच्या घाटावरच्या खोलीत राहायचे. कीर्तनातून सवड मिळाली की साधा डबा कॅमेरा घेऊन गावातल्या माणसांचे फोटो काढायचे. त्यात लोकांचे पाय हमखास कापले जायचे. चेहरा मात्र कधी चुकायचा नाही. रेवण त्यांना गुरू मानायचा, आणि त्यांच्या फोटोंतल्या चुकाही काढायचा.

"रोलमध्ये काय काय आहे?" बुवांनी विचारलं.

"सगळे वडीलच. गोठ्यात, ओसरीवर, जेवताना. दिवाळीत काढले. माघात ते गेले."

"आता भाद्रपद लागला. रोल धुतला नाहीस?"

"एक फोटो शिल्लक आहे. तो तोडीचा मिळायला हवा."

घाटाच्या पायऱ्यांवरून एक म्हैस पाण्यात उतरत होती. बुवांनी तिकडे बोट केलं.

"ही काढ की."

"म्हैस?"

"वडिलांना वावडं होतं?"

रेवणच्या वडिलांनी जन्मभर म्हशीच सांभाळल्या होत्या. त्यांच्याच दुधावर तो शिकला होता.

"त्यांचे दुसरे फोटो असतील ना घरी?"

"एकही नाही. कॅमेरा समोर धरला की त्यांची डावी भुवई वर जायची आणि ते उठून चालू लागायचे. दिवाळीत कसे कोण जाणे, बसले."

...

"खरं सांग. तोडीचा फोटो मिळत नाही म्हणूनच रोल पडून आहे?" बुवांनी विचारलं.

रेवणनं खिशातलं मीटर काढून हातात घेतलं.

"दिवाळीत मीटर सांगलीतच विसरलो होतो, बुवा. सगळे फोटो अंदाजानं काढलेत. धुतल्यावर काहीच निघालं नाही तर... न धुता आहे, तोवर ते आत आहेत असं तरी वाटतं."

बुवांना वाईट वाटलं. त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडं."

रेवणनं उजेड मोजला, कॅमेऱ्यावर आकडे लावले आणि मगच कॅमेरा त्यांच्या हातात दिला. सवय जात नाही.

"कशाचा काढताय?"

बुवांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याच्याचकडे वळवला.

रेवणची डावी भुवई वर गेली.

खट्!

"अहो, काय केलंत! शेवटचा होता तो. माझ्यावर कशाला वाया घालवलात?"

बुवांनी रोल शेवटपर्यंत गुंडाळला, बाहेर काढला, त्याच्या तळहातावर ठेवला.

"आज धुवायला टाक."

रेवण रोल मुठीत धरून उभा राहिला.

"आणि बुवा... त्यात वडील आलेच नसतील तर?"

"मग शेवटच्या फोटोत नीट बघ."