राखून ठेवलेला हात

एका शहराच्या कडेला एक वृद्ध डॉक्टर राहत असत. त्यांचं नाव मी सांगत नाही. नाव सांगितलं की लोक आडनाव, गाव, कॉलेज विचारत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. मणका मोडून मज्जारज्जूला इजा झाली की शरीराचा मोठा भाग मनाचं ऐकेनासा होतो. अशा माणसांना पुन्हा जगायला शिकवणं हे त्यांनी व्रत मानलं होतं. त्यासाठी त्यांनी एक केंद्र उभारलं होतं, आणि ज्यांना घरी परतणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी आवारात काही खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. तरुण डॉक्टर, हुशार, आणि हुशार माणसं असतात तेवढी उतावळी.

मज्जारज्जूच्या दुखापतींवर दरवर्षी एक मोठी परिषद भरत असे. परिषद म्हटली की गळ्यात ओळखपत्र आलं, फुकटची पिशवी आली, आणि जेवणाच्या रांगेत मधेच घुसणारे नामवंत तज्ज्ञही आले. हसू नका, तिथे कामही होतं. देशोदेशीचे विद्वान वर्षभराचं संशोधन मांडतात. वृद्ध डॉक्टर एकही वर्ष चुकवत नसत. निघण्यापूर्वी ते खोल्याखोल्यांतून फिरत आणि बाजाराला निघालेला माणूस शेजाऱ्यांना विचारतो तसं विचारत, "परिषदेला निघालोय. तुमचं काय विचारून येऊ?"

कुणी म्हणे, बसून बसून जखमा होतात, त्यावर नवीन गादी निघाली का बघा. कुणी दार लोटून घेऊन हळूच विचारी, आम्हाला मूल होईल का. डॉक्टर मान डोलावत आणि पुढच्या खोलीत जात.

शेवटच्या खोलीत रंगनाथ आणि त्याची आई राहत. रंगनाथ म्हणजे गावातल्या पोरांना पोहायला शिकवणारा गडी. पाठीला डबा बांधून कितीतरी पोरं त्याने विहिरीत ढकलली होती आणि हसत हसत वर काढली होती. एका उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलंय हे न बघता त्याने काठावरून सूर मारला आणि त्याची मान मोडली. पाय गेले ते गेलेच. हातांत एवढंच उरलं की कोपर वाकायचं, मनगट वर उचलायचं. बोटं मिटत नसत. घास आई भरवायची. आता आईचाच हात थरथरू लागला होता. आमटी त्याच्या गळ्यावर सांडायची आणि दोघंही काही झालंच नाही असं दाखवायचे.

खरं तर यावर उपाय होता. हाताचा एखादा चांगला चालणारा स्नायू सोडवून अंगठ्याला जोडला, तर अंगठा आणि बोट मिळून चिमूट धरते. चमचा धरता येतो, पेन धरता येतं. डॉक्टरांनी हे त्याला अनेकदा समजावलं होतं. रंगनाथ दरवेळी मान हलवायचा.

"नको डॉक्टर. उद्या औषध निघालं आणि माझा हात आधीच इकडचा तिकडे जोडून बसलेला असला तर? मी हा हात तसाच राखून ठेवलाय. तुम्ही तेवढं विचारून या, रंगनाथ पुन्हा पोहेल का?"

शिष्या पहिल्यांदा गुरूंबरोबर परिषदेला गेली त्या वर्षीची गोष्ट. तुटलेल्या मज्जातंतूंना पुन्हा अंकुर फुटावा म्हणून झटणारे एक मोठे संशोधक दक्षिणेतून आले होते. त्यांनी पडद्यावर प्रयोगातले उंदीर दाखवले. मागचे पाय ओढत सरपटणारा उंदीर काही आठवड्यांनी पाय टाकू लागला, तेव्हा सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. प्रश्नोत्तरं सुरू झाली. एकाने मात्रेबद्दल विचारलं, दुसऱ्याने आकडेवारीची चूक काढली. मग वृद्ध डॉक्टर उठले. ते इंग्रजीत म्हणाले, "माझ्याकडे रंगनाथ नावाचा माणूस आहे. मान मोडलेली आहे. त्याने विचारलंय, तो पुन्हा पोहेल का?"

मागच्या रांगांत खसखस पिकली. परिषदेत माणसाचं नाव घ्यायची रीत नसते. तिथे वय आणि इजेची पातळी सांगतात. संशोधक म्हणाले, "आज तरी नाही."

"आभारी आहे," असं म्हणून डॉक्टर खाली बसले. शिष्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाच्या वेळी कुणीतरी तिच्या कानाशी कुजबुजलं, तुमचे सर दरवर्षी हेच विचारतात.

परत आल्यावर डॉक्टर सरळ शेवटच्या खोलीत गेले. "रंगनाथ, विचारलं रे. आज तरी नाही म्हणाले."

"नाव घेतलंत माझं?"

"घेतलं. भर सभेत."

रंगनाथने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर निराशा होती, पण तिच्यासोबत एक समाधानही होतं, आणि ते काही शिष्येला उमगेना. व्हरांड्यात येताच ती गुरूंवर उसळली.

"सर, तुम्हीच त्याला झुलवत ठेवताय! दरवर्षी विचारायचं, दरवर्षी 'आज नाही' आणायचं. एकदाच सांगून टाका की कधीच नाही. म्हणजे मुकाट्याने ऑपरेशनला तयार होईल. त्याच्या आईकडे बघवत नाही हो आता."

"कधीच नाही, हे तुला ठाऊक आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "मला नाही बुवा ठाऊक. जे ठाऊक नाही ते त्याला सांगू कसं?"

एवढं बोलून ते जेवायला निघून गेले.

पुढच्या वर्षी परिषदेच्या तोंडावर डॉक्टरांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि शिष्येला एकटीला जावं लागलं. गुरूंच्या सांगण्यावरून ती खोल्याखोल्यांतून फिरली. रंगनाथने नेहमीचा निरोप दिला. ती "हो" म्हणाली. तेच संशोधक पुन्हा आले होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी तिने हात वर केला, आजूबाजूला पाहिलं, आणि मागच्या वर्षीचं ते हसू तिला आठवलं. उत्तर तर मला माहीतच आहे, मग सगळ्यांचा वेळ कशाला घ्या, असं मनाशी म्हणून तिने हात खाली घेतला. डॉक्टर माणूस अशी चूक सहज करतो. उत्तर ठाऊक असलं की प्रश्न विचारायचा राहिला तरी चालतो, असं त्याला वाटतं.

ती परतली तेव्हा रंगनाथ चाकाच्या खुर्चीत बसून तिची वाटच बघत होता.

"आज तरी नाही," ती म्हणाली.

"माझं नाव घेतल्यावर काय म्हणाले ते? हसले का?"

मनाने ती खोटी नव्हती. "रंगनाथ, मी विचारलंच नाही. उत्तर तेच आलं असतं म्हणून..."

"हां, तेच आलं असतं," रंगनाथ म्हणाला. "मलाही माहितीये ते."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने आईला खुर्ची भिंतीकडे वळवायला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून त्याने व्यायामाला येणं सोडलं. पुढे जेवणही अर्ध्यावर आलं. आई खोलीबाहेर येऊन पदराने डोळे पुसायची आणि परत आत जायची. शेवटी शिष्या गुरूंकडे गेली आणि त्यांच्यासमोर रडली.

वृद्ध डॉक्टर काळा चष्मा लावून बसले होते. त्यांनी तिला आधी पाणी दिलं.

"पोरी, उत्तर मलाही दरवर्षी ठाऊक असतं. रंगनाथलाही असतं. तो काही खुळा नाही. पण वर्षभर या खोलीत बसून त्याला वाटत राहतं की जग आपल्याला सोडून पुढे गेलं. जिथे या दुखण्याची सगळी जाणती माणसं जमतात, तिथे वर्षातून एकदा कुणीतरी त्याचं नाव घेतं, त्याच्या मनातली ओढ मोठ्याने बोलून दाखवतं, तेवढ्यावर तो पुढचं वर्ष काढतो. ती ओढ पुरवणं आपल्या हातात नाही. तिचा निरोप पोचवणं मात्र आहे, आणि तेवढंही आपण करणार नसू तर त्याने आपलं का म्हणून ऐकायचं? तू म्हणतेस त्याची आशा मोडून टाका, मग तो ऑपरेशनला तयार होईल. अगं, आशा मोडलेला माणूस बघ ना, तुझ्यासमोरच भिंतीकडे तोंड करून बसलाय. तो चमचा तरी कशासाठी धरेल?"

शिष्येने डोळे पुसले. "मग आता मी काय करू?"

"ते मला काय विचारतेस? निरोप तुझ्याकडून राहिलाय."

ती तशीच उठली आणि शेवटच्या खोलीत गेली. भिंतीकडे वळलेल्या खुर्चीसमोर जागा नव्हती, म्हणून ती भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या फटीत फरशीवर बसली. "रंगनाथ," ती म्हणाली, "माझं चुकलं. पुढच्या वर्षी तू स्वतः चल. तुझ्या तोंडाने विचार. मी नेते तुला."

त्याने वर्षभर होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पण व्यायामाला येऊ लागला. आणि परिषदेची वेळ आली तेव्हा आईने त्याच्या सदऱ्याला इस्त्री करून ठेवली होती.

त्याला आगगाडीत चढवताना जी कसरत झाली ती सांगत बसलो तर हा लेख पुरणार नाही. सभागृहात रंगनाथ पहिल्या रांगेच्या कडेला बसला. संशोधकांचं व्याख्यान संपलं. शिष्येने हात वर केला आणि या खेपेस खाली घेतला नाही. ध्वनिक्षेपक रंगनाथपुढे आला. त्याला तो धरता येईना, म्हणून त्याने तो दोन मनगटांमध्ये दाबून धरला. तो मराठीत बोलला, आणि शिष्या उभी राहून त्याचा शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू जाईल असा इंग्रजीत सांगत गेली.

"मी रंगनाथ. मी पुन्हा पोहेन का?"

संशोधक व्यासपीठावरून खाली उतरले. त्याच्याजवळ येऊन वाकले.

"तुम्हीच का रंगनाथ? तुमचं नाव मी कितीतरी वर्षं ऐकतोय. गेल्या वर्षी कुणी घेतलं नाही. मला वाटलं, तुम्ही..." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "आज तरी नाही, रंगनाथ. कधी ते मला माहीत नाही. मी प्रयत्न सोडलेला नाही."

शिष्येने हे त्याला मराठीत सांगितलं. सभागृहात कुणी हसलं नाही. ध्वनिक्षेपक परत घ्यायला माणूस पुढे आला, तर रंगनाथ म्हणाला, "थांबा. अजून एक विचारायचंय."

ध्वनिक्षेपक मांडीवर सोडून त्याने उजवं मनगट उचलून पुढे केलं. सैल पडलेली बोटं लोंबत होती.

"हा हात मी तुमच्या औषधासाठी राखून ठेवलाय. आमचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून वापरायला काढ. तुम्ही रागावणार नसाल तर, वापरू का?"

त्या थोर माणसाने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते म्हणाले, "माझ्यासाठी काही राखून ठेवू नका हो. वापरा. वाट बघायचीच असेल तर हात वापरत बघा."

शिष्येने हे मराठीत सांगितलं, आणि रंगनाथ लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. इतक्या वर्षांत तो असा कुणासमोर रडला नव्हता.

ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं, महिनोन् महिने व्यायाम झाले. एका दुपारी शिष्या त्याचा हात तपासायला गेली, तर पुढ्यात ताट होतं आणि रंगनाथ चमचा धरून भात खात होता. अर्धा भात मांडीवर सांडला होता. आई समोर बसली होती, हात मांडीवर ठेवून, अवघडल्यासारखी. इतकी वर्षं त्याला भरवून झाल्यावर ती आपलं ताट घ्यायची, तोवर अन्न गार होऊन जायचं.

"मी आता काय करू रे?" तिने विचारलं.

"जेव की माझ्याबरोबर," रंगनाथ म्हणाला. "गरम आहे तोवर."

आईने दुसरं ताट वाढून घेतलं. शिष्या दारातच उभी राहिली. तिला आत जाववेना आणि परतही फिरवेना. रंगनाथचं लक्ष चमच्यावर होतं. मान वर न करताच तो म्हणाला, "डॉक्टरीणबाई, पोहायचं मात्र विचारत राहा हां."

"विचारीन," ती म्हणाली. "दरवर्षी विचारीन."