चोवीस शोधकांची वही

“एका बाजूनं बांधू, का चारी बाजूंनी?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

रेवतीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

“चारी बाजूंनी बांधली तर वही उघडणार कशी, चाचा?”

“उघडायची आहे होय?”

रेवतीनं माझ्याकडं पाहिलं. मी वर्तमानपत्र वर धरलं.

इथं थोडं सांगायला हवं. दस्तगीरचाचा आतार आमच्या वाचनालयाचे बाइंडर. वय पंचाहत्तरच्या पुढं, नक्की किती ते त्यांनाही ठाऊक नाही. व्हरांड्यात गोणपाट टाकून बसतात. पुढ्यात पुठ्ठे, दाभण, दोरा आणि खळीचा डबा. मी इथला ग्रंथपाल. माझं टेबल दाराशीच असल्यानं व्हरांड्यातलं सगळं ऐकू येतं, आणि ऐकून न ऐकल्यासारखं करण्याइतका मी सज्जन नाही.

रेवती ननावरे चौथीत. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही वर्षं पहिला नंबर. हे तिनं आल्या आल्या सांगितलं. नसतं सांगितलं तरी चालण्यावरून कळलं असतं.

नाताळच्या सुट्टीत तिच्या बाईंनी अभ्यास दिला होता : नवे देश, नव्या वाटा शोधणाऱ्या शोधकांविषयी वाचा आणि वही करा. उद्या शाळा उघडणार. सगळ्या वह्या मांडायच्या, त्यातून एक निवडायची. निवडलेली वही वर्षभर मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटात राहणार. ते कपाट रेवतीला हवं होतं. आठ दिवस ती दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हती.

आता चाचांकडं पुस्तकं येतात ती पाठ मोडलेली, पानं सुटलेली. कोरी करकरीत वही घेऊन कुणी आल्याचं मला आठवत नाही. चाचांनी ते तिला सांगूनही पाहिलं होतं.

“माझ्याकडं वाचून वाचून फाटलेलं येतं, बेटा.”

“मला लाल कापडाची पाठ पाहिजे,” ती म्हणाली होती. “आजच्या आज.”

मग चाचांनी हात फडक्याला पुसले, वही मांडीवर घेतली आणि सगळी पानं उलटली. प्रत्येक पानावर एक शोधक. खाली नाव, भोवती रंगीत किनार. चाचांनी एकेका चित्रावरून अंगठा फिरवला.

“सुरकुती नाही एक. बुडबुडा नाही. कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही. मीच.”

“हात चांगला आहे.”

हे वाक्य चाचा उगाच वापरत नाहीत. बावीस वर्षांत माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही.

रेवतीची मान आणखी ताठ झाली. “बाकीच्यांनी दोन-तीनच लावलेत. माझे चोवीस आहेत.”

आणि मग चाचांनी ते एका बाजूचं आणि चारी बाजूंचं विचारलं.

“उघडायचीच आहे,” रेवती म्हणाली. “बाई बघणार. मुख्याध्यापिका बघणार.”

“बघून झाल्यावर?”

“कपाटात.”

“मग?”

“मग कुलूप.”

“तर मग चारी बाजूंनीच बरी,” चाचा म्हणाले. “धूळ जायची नाही.”

रेवतीला हसावं का रागवावं ते कळेना. चाचांनी वहीचं एक पान वेगळं धरलं आणि उन्हाकडं केलं. चित्रातल्या माणसाच्या छातीवर बारीक अक्षरं उमटली. उलटी.

“ह्याच्या पाठीवर कायतरी लिहिलंय.”

“माहिती आहे ती. दुकानात चित्रांचा चार्ट मिळतो ना, त्याच्या मागं छापलेली असते.”

“काय माहिती?”

“आता ती चिकटली,” रेवती म्हणाली.

“चिकटायच्या आधी?”

रेवती नखात अडकलेला डिंक कोरू लागली. “चोवीस होते, चाचा. सगळे कापायचे. किनार काढायची. नावं लिहायची. वेळ कुठं होता?”

खरं सांगायचं तर मला पोरीची दया आली. आठ दिवस मान मोडून काम केलं होतं तिनं. आणि चूक अशी, की आपल्यापैकी कुणी केली नाही? माझ्या तिसरीच्या वहीत सगळी फळं आणि सगळे पक्षी असेच पानाला पाठ टेकून बसले होते. आंब्याची माहिती मला आजतागायत नाही.

“बाईंनी काय सांगितलेलं?” चाचांनी विचारलं.

“वाचा आणि वही करा.”

“वही झाली.”

रेवतीचे डोळे भरून आले. पण ती रडली नाही. पहिल्या नंबरवाल्यांना ते सहज जमत नाही.

“आता काय करू?”

चाचांनी पान नाकाशी नेलं. “डिंक आहे. डिंक वाफेवर सुटतो. पण कागद पुन्हा असा राहायचा नाही. सुरकुतेल. एखादा कोपरा फाटेल. तुझं तू बघ.”

एवढं बोलून त्यांनी स्टो पेटवला आणि चहाचं पातेलं चढवलं. आमचा साडेतीनचा चहा. जानेवारीची पहिली तारीख, व्हरांड्यात ऊन असूनही गारठा होता. पाण्याला वेळ लागला. तेवढा वेळ रेवती वहीकडं बघत उभी राहिली. चाचा दुसऱ्याच एका पुस्तकाची पाठ शिवत होते.

पाणी उकळलं.

“एकच सोडवा,” रेवती म्हणाली. “हा. सतरावा.”

“हाच का?”

“ह्याचं चित्र रंगीत नाही. खराब झालं तरी चालेल.”

चाचांनी मान हलवली. पण वही त्यांनी हातात घेतली नाही. “तू धर वाफेवर. सांभाळून, लांबून. मी बघतो सुटतंय का.”

पान वाकलं, ओलसर झालं. चाचांनी लाकडी पट्टीचं टोक कोपऱ्याखाली सरकवलं आणि चित्र हळूहळू वर आलं. खालचा एक तुकडा मात्र वहीतच राहिला. रेवतीचा चेहरा पडला. किनार फुटली होती, पान पापडासारखं वाकलं होतं.

चाचांनी चित्र उलटं करून तिच्या हातात दिलं. “वाच. माझा चष्मा घरी राहिला.”

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. रेवतीनं तो पाहिला नाही. मी पाहिला आणि गप्प बसलो.

“‘नैनसिंग रावत,’” रेवती वाचू लागली. “‘हे कुमाऊंमधल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. परक्यांना बंदी असलेल्या तिबेटाचा नकाशा करायला ते वेश बदलून पायी थेट ल्हासापर्यंत गेले. जाताना ते प्रत्येक पाऊल मोजत. शंभर पावलं झाली की जपमाळेचा एक मणी पुढं ओढत. त्यांच्या माळेत एकशे आठ नव्हे, शंभरच मणी होते...’”

ती थांबली.

“शंभरच,” ती स्वतःशी म्हणाली. “हिशेब सोपा व्हावा म्हणून.”

“पुढं?”

“‘टिपणं ते चिठोऱ्यांवर लिहून प्रार्थनाचक्रात लपवत. पाहणाऱ्याला वाटे, हा देवाचं नाव घेतोय. परतीच्या वाटेवर...’”

पुढचं त्या फाटलेल्या तुकड्यावर होतं, आणि तुकडा वहीला घट्ट चिकटला होता. रेवतीनं नखानं खरवडलं. अक्षरं लगद्यात गेली.

“परतीच्या वाटेवर काय, चाचा?”

“मला काय ठाऊक? वही तुझी.”

“पकडलं का त्यांना?”

चाचांनी पातेल्यात साखर टाकली.

“चाचा, पकडलं का?”

ती तरातरा माझ्या टेबलाशी आली. “काका, नैनसिंगांवर पुस्तक आहे?”

सुट्टीत ही पोरगी आमच्या दारावरून स्टेशनरीच्या दुकानात चार वेळा गेली होती. आत पहिल्यांदाच येत होती. मी खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचं प्रवाशांच्या माहितीचं जुनं जाड पुस्तक काढलं, आणि त्यावरच्या धुळीनं दोघांनाही शिंका आणल्या. धुळीचा दोष अर्थात माझा.

रेवतीनं ते उभ्यानं उघडलं. मग दाराला टेकून वाचलं. मग पायरीवर बसली. मी तिच्यासाठी बशीत चहा ओतला. त्यावर साय धरली तरी तिचं लक्ष नव्हतं. मला फार बरं वाटलं. वाचनालयात कुणीतरी वाचत बसलं होतं.

अर्ध्या तासानं ती चाचांपुढं येऊन उभी राहिली.

“नाही पकडलं. आले परत. सगळी टिपणं घेऊन.”

“शाब्बास,” चाचा म्हणाले.

शाब्बासकी हिला होती का त्या मास्तरांना, ते मला कळलं नाही. तिनं निम्मी आपल्याकडं घेतली असावी.

“बाकीचे पण सोडवा, चाचा.”

“तेवीस आहेत.”

“सोडवा.”

“आणि लाल कापड?”

रेवतीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेचार वाजून गेले होते. दोन्ही गोष्टी होणार नव्हत्या, आणि हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“राहू दे,” ती म्हणाली. म्हणताना आवाज बारीक झाला होता.

मग आमच्या व्हरांड्यात मोठी गंमत झाली. मी दोरी बांधली, घरून चिमटे आणले, आणि धुणं वाळत घालावं तसे सगळे शोधक ओळीनं वाळत घातले. चेहरे भिंतीकडं, पाठी आमच्याकडं. रेवती दोरीखालून मान वर करून सरकत होती आणि मोठ्यानं वाचत होती. कुणी बर्फात अडकला होता, कुणी भलत्याच देशाला पोचून तोच हवा तो देश समजला होता. त्यावर ती इतकी हसली की वर्तमानपत्र वाचायला आलेले दोन पेन्शनर उठून दोरीखाली आले.

वाळलेलं चित्र परत लावायची वेळ आली तेव्हा तिनं डिंकाची बाटली उचलली. चाचांनी ती काढून घेतली आणि खळीचा डबा पुढं केला.

“एका कडेला बोटभर. बाकी मोकळं.”

“मग ते उघडेल, चाचा. दारासारखं.”

“उघडू दे.”

साडेसहाला तिची आई शोधत आली. वही हातात घेऊन बघतच राहिली. “अगं, काल कशी होती आणि आज काय केलंस हे? बोळा करून ठेवलेल्या कपड्यासारखी झालीय.”

“आई, तुला माहितीये, त्यांच्या माळेत शंभरच मणी होते.”

“कुणाच्या?”

“चल, वाटेत सांगते.”

पायरी उतरता उतरता ती वळली. तिच्या मनातलं कपाट काही अजून गेलं नव्हतं. “चाचा, उद्या सकाळी लवकर आले तर बांधून द्याल?”

“अजून नाही.”

“का?”

चाचांनी खळीच्या डब्यावर झाकण ठेवलं.

...

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेवती आली. दप्तर पाठीवर, वही पोटाशी धरलेली. चाचा काही विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मला राहवलं नाही.

“काय गं, नंबर?”

“नाही आला, काका. एकानं मुखपृष्ठावर थर्माकोलचं जहाज लावलं होतं. शिडासकट. त्याची वही कपाटात गेली.”

“आणि तुझी?”

तिनं वही चाचांच्या पुढ्यात ठेवली.

ओळखू येईना. कोपरे दुमडलेले. वरचा कागद अर्धा सुटलेला. तीन शोधक तर खळ लावलेल्या कडेपासून लोंबत होते. नैनसिंगांच्या पानावर लोणच्याच्या बोटाचा स्पष्ट ठसा होता.

“मधल्या सुट्टीत सगळा वर्ग जमला,” रेवती सांगू लागली. “जो तो उघडून बघतोय. पुढं काय, पुढं काय. मी म्हटलं, हात पुसून तरी या. कुणी ऐकेना. मग बाई आल्या ओरडायला, तर त्याच वाचत बसल्या. गणिताचा तास बुडाला. जहाजवाला पण माझ्याच वहीपाशी होता, चाचा. त्यानंच ते लोणचं लावलं.”

ती तक्रार करायला आली होती. निदान घरून तसं ठरवून निघाली असावी. पण तोंडभर हसू असलं की तक्रार नीट सांगता येत नाही.

“किती खराब झाली बघा,” ती म्हणाली.

चाचांनी हात फडक्याला पुसले. वही मांडीवर घेतली. एकेक पान उलटलं. सुटलेल्या कडांवरून, दुमडलेल्या कोपऱ्यांवरून, लोणच्याच्या बोटावरूनही अंगठा फिरवला. त्यांना काही घाई नव्हती.

मग त्यांनी गोणपाटाखाली हात घातला आणि लाल कापडाचा तुकडा बाहेर काढला. वहीच्या मापाचा होता. कालच कापून ठेवला असावा.

“हां,” चाचा म्हणाले. “आता झाली बांधायजोगी.”