मागच्या चाकाचा राखणदार

ट्रकांना नुकते बझर लागू लागले, त्या काळची गोष्ट. कांदा बाजारातल्या एका ट्रकचा हॉर्न दिवसभर कोकलायचा. बझर मात्र ट्रक मागे घेतानाच वाजायचा.

हॉर्न हसला. "काय रे चिरक्या, तुझ्या किरकिरीला वैतागून दगडोबा ड्रायव्हर आज तुझी वायर कापणार!"

"कापेपर्यंत तरी माझं काम करीन."

मागच्या चाकाशी कुत्री पिलाला घेऊन निजली होती. हॉर्न वाजला. रोजचाच कालवा, तिने कानही हलवला नाही. मग ट्रक मागे निघाला आणि बझर वाजला. हा उगाच ओरडत नाही, हे तिला ठाऊक होतं. पिलू तोंडात धरून तिने उडी मारली. त्याच जागेवरून चाक गेलं.

दगडोबाने आरशात सगळं पाहिलं. वायर कापायला काढलेली पक्कड त्याने पेटीत टाकली.

"या बझरला कोणी हात लावायचा नाही!"

ट्रक पुन्हा मागे निघाला आणि बझर खणखणीत वाजला. हॉर्न गप्प बसून ऐकत राहिला.