समोर दिसणारा कडा

कड्यांवर माणसांची वाट पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. भुरकी आणि झेपाळ ही दोन गिधाडं गरम हवेवर तरंगत घरी निघाली होती. वाटेत आभाळ भरून आलं, हवा गार पडली आणि दोघं खाली येऊ लागली. पुढे बाभळीचं रान होतं, त्यापलीकडे त्यांचा कडा.

“या कापलेल्या शेतात उतरू या,” भुरकी म्हणाली.

“शेतात? टिटव्या हसतील! कडा समोर तर दिसतोय.”

“दिसतोय, पण आपल्यापेक्षा उंच दिसतोय.”

झेपाळ पुढे गेला. भुरकी शेतात उतरली. टिटव्या खरंच हसल्या, तेव्हा तिने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर ती उडाली. झेपाळ बाभळीत अडकला होता. भुरकी शेजारच्या फांदीवर बसली आणि त्याच्या पंखांतले काटे काढू लागली.