भिंतीपलीकडचे विरजण

एकदा एका तालुक्याच्या गावी एक बाई वारली. राजे, व्यापारी आणि सिंहासने यांच्या दृष्टांतकथा आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. ही कथा दह्याच्या सटाची, म्हणजे दही लावायच्या पसरट भांड्याची आहे, तेव्हा फार मोठी अपेक्षा ठेवू नये.

बाईंचे नाव द्वारकाबाई. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या या गावी आल्या आणि एकोणपन्नास वर्षे एकाच स्वयंपाकघरात वावरल्या. सासूचे दुखणे, दिराचे शिक्षण, सुनेचे बाळंतपण, सारे त्यांनी निभावले. कुणी कौतुक केलेच तर म्हणत, "त्यात काय मोठं? घरचंच तर आहे." एका संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे कोमट दुधाला विरजण लावले, सट फडक्याने झाकून ठेवला, आणि सकाळी त्या उठल्याच नाहीत. माणसे स्मशानातून परतली तेव्हा दही लागले होते.

त्यांचे यजमान त्र्यंबकराव यांनी तो सट उचलून पत्नीच्या तसबिरीपुढे ठेवला आणि घराला बजावले, "हे तिच्या हातचं शेवटचं. कुणी हात लावायचा नाही." रोज त्यावर फूल, रोज उदबत्ती. इथवर ठीक होते. दुःखाला काहीतरी धरायला लागतेच. पण पुढे त्यांनी जेवणच सोडले. सून सुनीती रोज ताट वाढी आणि रोज ते भरलेले परत येई. "तिच्या हातचं नाही ते मला उतरत नाही," एवढेच ते म्हणत. चहा आणि दोन केळी यांवर बावीस दिवस गेले. सदरा अंगावर लोंबू लागला. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितले, की असेच चालले तर यांचेही काही खरे नाही.

त्या सुमारास एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्यासह गावात आले. वर्षातून एकदा ते या वाटेने जात आणि द्वारकाबाईंच्या हातचा दहीभात खाऊन पुढे निघत. घरातली सारी हकीकत वेशीवरच कळल्याने शिष्याने सांत्वनाचे चार श्लोक वाटेतच घोकून ठेवले होते. गुरुजी मात्र ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "सुनीती, दहीभात वाढ. दही त्या सटातलं घाल."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या माणसाने कुणाच्या दारात कधी मीठसुद्धा मागितले नव्हते, त्याने दुखवट्याच्या घरात नेमके हेच मागावे!

त्र्यंबकराव उठून तसबिरीपुढे आडवे उभे राहिले. "गुरुजी, दुसरं काहीही मागा."

"मला तेच हवं. तिनं ते खाण्यासाठी लावलं होतं, पूजेसाठी नव्हे."

"मी देणार नाही."

"मग निदान दाखवा तरी."

नाइलाजाने त्र्यंबकरावांनी फडके बाजूला केले. दह्यावर हिरवी बुरशी दाटली होती. उदबत्तीने इतके दिवस झाकलेला वास घरभर पसरला. त्र्यंबकराव तिथेच खाली बसले आणि सुनेसमोर प्रथमच रडले. "तिचं एवढं एकच उरलं होतं," ते म्हणाले, "तेही मी नासवलं."

गुरुजींचाही चेहरा उतरला. सुनीती दाराशी चुळबुळत उभी होती. शेवटी धीर करून ती म्हणाली, "अण्णा, आईंचं विरजण आहे. पण ते... पलीकडे आहे."

"पलीकडे कुठं?"

"तांबटांकडे."

तांबट म्हणजे शेजारी. वीतभर जागेवरून अकरा वर्षांपूर्वी तंटा झाला, कोर्टकचेरी झाली, मधली भिंत पुरुषभर उंच झाली, आणि त्या घराचे नावही या घरात निघेनासे झाले.

"तिथं कसं जाईल आपलं विरजण?" त्र्यंबकरावांनी विचारले.

"मागच्या अंगणात भिंतीची वीट निखळलीय ना, तिथून आई वाटी द्यायच्या. त्यांचं बिघडलं की आई देणार, आपलं बिघडलं की सोनूकाकू. गेल्या उन्हाळ्यात आपलं दोनदा नासलं होतं."

"म्हणजे अकरा वर्षं मी त्या तांबटाच्या घरचं दही खातोय?"

"आता कुणाचं कुठलं, ते आईंनाही सांगता आलं नसतं."

हे ऐकून गुरुजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. शिष्याला ते अप्रशस्त वाटले. हसू ओसरल्यावर गुरुजी त्र्यंबकरावांजवळ सरकले.

"तिनं घरासाठी जन्म वेचला असं सारं गाव म्हणतं, आणि ते खरंच आहे," ते म्हणाले. "पण तिचं घर केवढं होतं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. हद्द वीतभर अलीकडे की पलीकडे, यावर तुम्ही भांडत राहिलात, आणि तिनं ती हद्द मानलीच नाही. तुम्ही जपून ठेवलंत ते नासलं. तिनं देऊन टाकलं ते पलीकडे रोज लागतंय. तुम्हाला तिच्या हातचंच हवं ना? मग मागून आणा. सुनेला पाठवू नका, स्वतः जा."

"त्या दारात? मेलो तरी जाणार नाही!"

"तेच तर चाललंय," गुरुजी म्हणाले.

बऱ्याच वेळाने त्र्यंबकराव उठले. सट घेऊन ते मोरीवर गेले आणि जन्मात कधी भांडे न विसळलेल्या त्या माणसाने तो राखेने खसाखसा घासला. मग एक रिकामी वाटी घेऊन ते मागच्या अंगणात भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. हाक कशी मारावी हे त्यांना कळेना. शेवटी ते नुसतेच खाकरले.

पलीकडे पावले वाजली. भोकातून सोनूबाईंचा सुरकुतलेला चेहरा दिसला.

"विरजण हवं होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "द्वारकेचं."

सोनूबाईंनी वाटी घेतली, भरून आणली आणि परत दिली. "दूध फार तापवू नका. वहिनी बोट बुडवून बघायच्या." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आणि जेवत जा, भावोजी. भरलं ताट परत जातं ते इथवर ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनीतीने दहीभात वाढला. त्र्यंबकरावांनी एक घास घेतला, मग दुसरा. "जरा आंबट आहे," ते म्हणाले. आणखी चार घास झाल्यावर त्यांनी विचारले, "भात उरलाय का गं?" सुनीती भात आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गाव मागे पडल्यावर शिष्याने विचारले, "गुरुजी, भिंतीपलीकडचं तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"छे! मी त्या जुन्याच दह्यातून विरजणापुरतं चमचाभर वाचेल अशा आशेवर होतो. बावीस दिवसांत दह्याचं काय होतं, एवढंही मला कळलं नाही. कधी विरजण लावलं असतं तर कळलं असतं."

फाटा आला तेव्हा शिष्य म्हणाला, "गुरुजी, चार दिवस आईकडे जाऊन येऊ का?"

"जा," गुरुजी म्हणाले. "पण तिला श्लोक ऐकवत बसू नकोस. आणि तिच्या शेजारणीला भेटल्याशिवाय परत येऊ नकोस."